संशोधन कोणाच्या प्रश्नाचे?

विज्ञानाच्या नव्या शोधांवर मराठीत अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. शिंप्याने कापड बेतावे तशी जनुके बेतता येऊ लागली. यंत्रे माणसासारखी बोलू लागली. हे सारे वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. शोध कोणी लावला, कोणत्या देशात लावला, त्याला पारितोषिक कोणते मिळाले, हे सर्व त्या लेखनात असते. परंतु तो शोध मुळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाजवळ होता, याचा उल्लेख सहसा नसतो. दलित समाजाच्या दृष्टीने पाहू गेल्यास हाच पहिला प्रश्न आहे. कारण या देशाच्या संशोधनात आपण गैरहजर नाही. आपण भरपूर आहोत. फक्त नमुना म्हणून आहोत.

मी दोंडाईच्यात राहतो. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे, मिरचीच्या आणि स्टार्चच्या धंद्याचे हे गाव. येथून विद्यापीठ दूर आणि मोठी प्रयोगशाळा त्याहून दूर. असे असूनही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संशोधनाचे काही धागे थेट आमच्या परिसरात येऊन पोहोचले आहेत. त्यांतल्या रक्ताच्या धाग्याविषयी मी येथे विस्ताराने लिहिणार आहे. गटार आणि ऊन यांविषयी थोडक्यात.

जातीचा शोध शरीरात घेण्याचा उद्योग जुना आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांची नाके मोजली आणि असा सिद्धान्त मांडला की, नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा. १९०१ च्या जनगणनेचा हाच गृहस्थ प्रमुख होता. येथल्या उच्चवर्णीयांना हा सिद्धान्त आवडला यात नवल नाही; आपण आर्य, गोऱ्यांचे दूरचे भाऊबंद, असे त्यातून आयतेच सिद्ध होत होते. ज्यांची नाके मोजली गेली त्यांना कोणी काही विचारले नाही.

त्याच काळात अस्पृश्य म्हणून जन्मलेला एक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्यात त्यांनी प्रश्नच बदलला. कोणाचे नाक कसे आहे हे त्यांनी विचारले नाही. जात टिकते कशाने, हे विचारले. उत्तर दिले ते असे: भारतातील लोक वंशाने सरमिसळ झालेलेच आहेत, जातीचे खास लक्षण एकच, ते म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हा दरवाजा बंद ठेवायचा तर स्त्री-पुरुषांची संख्या जातीच्या आत सारखी राखावी लागते. म्हणून नवरा मेलेल्या बाईला जाळायचे किंवा सक्तीने विधवा ठेवायचे, आणि विधुरासाठी अजून लग्नाला न आलेली बालिका आणायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तिन्ही गोष्टी त्यांनी एका यंत्राचे भाग म्हणून उलगडून दाखवल्या. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकांची मोजमापेच हाती घेतली आणि त्याच आकड्यांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवून दिले. नमुन्याने फुटपट्टी हिसकावून घेतली, ती अशी.

आता अलीकडच्या संशोधनाकडे येऊ. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राईक यांच्या गटाने २००९ साली भारतातील पंचवीस समूहांचे जनुकीय संशोधन प्रसिद्ध केले. त्या समूहांत भिल्ल होते, माला होते, मादिगा होते, सतनामी होते. भारतातील बहुतेक समूह हे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले आहेत, असे त्यात निघाले. हे मिश्रण केव्हा झाले याचा हिशेब प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडला: सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान.

ही गणना कशी करतात हे समजून घेण्यासारखे आहे. नाहीतर तज्ज्ञ सांगतात म्हणून खरे, असे होते, आणि तसे मानणे आपल्याला कधीच परवडलेले नाही. एक लाल आणि एक हिरवे अशी दोन लुगडी घ्या. ती फाडून, तुकडे जोडून गोधडी शिवली. पुढच्या पिढीने ती गोधडी पुन्हा फाडली आणि दुसऱ्या तशाच गोधडीच्या तुकड्यांशी जोडली. त्याच्या पुढच्या पिढीने पुन्हा तेच केले. थोड्या पिढ्या झाल्या असतील तर लाल-हिरवे पट्टे लांबलचक दिसतील. शंभर पिढ्या झाल्या असतील तर बोटभर चिंध्या उरतील. आईबापांकडून आलेली गुणसूत्रे पुढच्या पिढीत जाताना अशीच तुकड्यांनी अदलाबदल होतात. तेव्हा तुकड्याची लांबी मोजली की पिढ्या मोजता येतात. यात मंत्र नाही, हिशेब आहे.

हे मिश्रण उच्च म्हणवणाऱ्या जातींत आहे, अस्पृश्य ठरवलेल्या जातींत आहे आणि डोंगरातल्या जमातींतही आहे. प्रमाण मात्र सगळीकडे सारखे नाही. काही समूहांत एका प्राचीन समूहाचा वाटा अधिक, काहींत दुसऱ्याचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण हीच गोष्ट पुढे करून जुनी नाकमोजणी नव्या पोशाखात येऊ पाहते. परंतु वाटा कमीजास्त असणे निराळे आणि शुद्ध असणे निराळे. शुद्ध रक्ताचा दावा या संशोधनात कोणालाच करता येत नाही.

मग मिश्रण थांबले केव्हा? पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या अनलभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी २०१६ साली वीस समूहांतील ३६७ व्यक्तींच्या जनुकांवरून याचे उत्तर शोधले. त्यांच्या मते उच्च जातींमध्ये जातीबाहेरचे संबंध सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी एकदम आटले. वर्षांत सांगायचे तर सुमारे दीड हजार वर्षे. म्हणजे गुप्तांचा काळ. आता १९४८ चा बाबासाहेबांचा ग्रंथ पुन्हा उघडा. अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्माला आली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्यापाशी ना जनुके होती, ना संगणक. ग्रंथांचे दाखले आणि तर्क एवढेच साधन होते. अर्थात दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. बाबासाहेब अस्पृश्यतेचा उगम शोधत होते. कल्याणीचे संशोधक उच्च जातींच्या लग्नाचा बंद दरवाजा मोजत होते. तरी दोन निराळ्या वाटांनी निघालेली माणसे एकाच शतकाच्या आसपास येऊन उभी राहतात, ही सहज सोडून देण्यासारखी बाब नाही.

बंद दरवाज्याची किंमत शरीराला मोजावी लागते. २०१७ साली आणखी एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांतील माणसे त्यात तपासली होती. त्यांपैकी ८१ समूह असे निघाले की, त्यांच्यातील जनुकीय कोंडी फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपातील ज्यू यांच्यापेक्षाही घट्ट आहे. थोड्या पूर्वजांची संतती पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्ने करीत राहिली, की एखादा दडलेला दोष दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो. आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण डॉक्टरांना ठाऊक आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात ते एक औषध त्यांच्यातील काहींच्या शरीरात वेळेवर विरत नाही आणि श्वास अडतो. म्हणजे जातीची कोंडी वरच्यालाही सोडत नाही.

येथून आमच्या भागाचा प्रश्न सुरू होतो. दोंडाईच्याच्या शेजारी नंदुरबार जिल्हा आहे. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत तेथे सिकलसेलचा आजार आहे. विदर्भात तो पूर्वाश्रमीच्या महार समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. सिकल म्हणजे विळा. निरोगी लाल रक्तपेशी गोल आणि लवचीक असते, साधारण १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते, पंधरा-वीस दिवसांत मरते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग सांधे सुजतात, हाडे ठणकतात, डोळे पिवळे होतात, पुन्हापुन्हा ताप येतो. अंगमेहनत, पाण्याचा तुटवडा, थंडी यांनी दुखणे उसळते. आणि आपली माणसे कामे कोणती करतात? ऊसतोड, वीटभट्टी, सुरतेकडची मजुरी. पोरगा फडात दुखण्याने आडवा झाला की मुकादम त्याला कामचोर म्हणतो. घरी भगत बोलावला जातो. रक्त तपासणे या दोन्हींच्या नंतर येते, कित्येकदा येतच नाही.

या आजाराचा इतिहास नीट पाहण्यासारखा आहे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात ही वाकडी पेशी पाहून तिची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे; एखादा आजार रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ही पहिलीच वेळ. पुढे इन्ग्रमने नेमकी जागा दाखवली: लांब साखळीतली एकच कडी बदललेली. १९५४ मध्ये ॲलिसनने आफ्रिकेत सिद्ध केले की, हा दोष एकाच बाजूने आलेल्या माणसाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच जंगल-डोंगराच्या, डासांच्या मुलखात तो टिकून राहिला. भारतात १९५२ साली निलगिरीत त्याची नोंद झाली आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. रेणवीय जीवशास्त्राचा पायाच या आजारावर रचला गेला. म्हणजे विज्ञानाने या रक्ताकडून भरपूर घेतले आहे. रक्ताच्या मालकाला काय मिळाले?

याचे उत्तर आधी अमेरिकेत काळ्या लोकांनी मागितले. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. सरकारला आमच्या रक्ताची पर्वा नसेल तर आम्ही आमचे रक्त तपासू, अशी त्यामागची भूमिका होती. त्यांनी सभांतून रक्ताचे थेंब घेतले. हा रेटा इतका वाढला की १६ मे १९७२ रोजी अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्यानंतर तेरा दिवसांनी, २९ मे १९७२ रोजी, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव आपण त्यांच्याकडून घेतले. लढाऊपणा घेतला, कवितेतली आग घेतली, आणि त्या आगीने मराठी साहित्य कायमचे बदलले. परंतु त्यांचा दवाखाना आपण घेतला नाही. विदर्भात आणि सातपुड्यात तोच आजार, त्याच वर्षी, आपल्याच माणसांच्या रक्तात होता. ही टीका मी पँथरला कमी लेखण्यासाठी करीत नाही. अत्याचाराच्या बातम्या रोज येत असताना ज्या तरुणांनी रस्त्यावर उतरण्याचे धैर्य दाखवले, त्यांनी सूक्ष्मदर्शकही का आणला नाही, असे विचारणे सोपे आहे. पण चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर रक्ताचा प्रश्न त्यानंतरच्या दशकांतही फारसा का आला नाही, हे विचारायला हवे.

अर्थात तपासणी ही दुधारी वस्तू आहे, हेही अमेरिकेनेच दाखवले. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील काही राज्यांनी काळ्यांवर तपासणी सक्तीची केली. ज्यांच्यात दोष एकाच बाजूने आला आहे आणि जे स्वतः आजारी नाहीत, अशा वाहकांनाही नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. आणि ज्या पॉलिंगने हा आजार रेणूपर्यंत नेला, त्यानेच १९६८ साली असे सुचवले होते की, वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेला, युद्धविरोधी, सज्जन माणूस. त्याला कपाळावरच्या खुणेत काही गैर दिसले नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना ते तत्काळ दिसेल.

आपल्याकडे कपाळावर खूण नाही, पण तपासणीचे कार्ड आहे. त्याचा अर्थ लोकांना नीट समजावला जात नाही. म्हणून येथे थोडे स्पष्ट लिहितो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक, वाहक निघण्याची चारांत दोन, पूर्ण निरोगी निघण्याची चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा निर्दोष असेल तर मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. तेव्हा वाहक मुलीने लग्न करू नये, असे विज्ञान म्हणत नाही. दोघांनी तपासावे, एवढेच ते म्हणते. व्यवहारात मात्र मुलीचे कार्ड मागितले जाते आणि मुलाचे कोणी मागत नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलीची सोयरीक या कार्डावरून मोडली. मुलाचे रक्त तपासले होते का, असे मी विचारले, तेव्हा बैठकीतल्या शिकलेल्या माणसांनीही माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

येथे आणखी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आपण बौद्ध झालो, पण सोयरिकी कोठे जमतात? जुन्या पोटजाती विचारल्या जात नाहीत असे छातीठोकपणे किती घरांतून म्हणता येईल? महार, मांग, चांभार, मेहतर यांच्यात एकमेकांत लग्ने किती होतात? जातीच्या भिंतीविरुद्ध बोलणारे आपणही लग्नाच्या वेळी त्याच भिंतीच्या आत सावली शोधतो. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला तो समाजाच्या आरोग्यासाठी. तोच उपाय या आजाराचा धोकाही कमी करतो, कारण दूरच्या समूहातला जोडीदार वाहक असण्याचा संभव सहसा कमी असतो. जातीअंत रक्ततपासणीतून होईल, असे अर्थातच मला सुचवायचे नाही.

गेल्या काही वर्षांत या आजाराच्या उपचारात विलक्षण गोष्ट घडली. गर्भातल्या मुलाचे हिमोग्लोबिन निराळे असते आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे बंद करते. जेनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी १९४८ मध्येच ताडले होते की, तान्ह्या मुलांना या आजाराचा त्रास होत नाही तो याच कारणाने. पुढे ओडिशातील आणि अरबस्तानातील काही रुग्णांत मोठेपणीही हे गर्भातले हिमोग्लोबिन जास्त आढळले आणि त्यांचा आजार तुलनेने सौम्य दिसला. म्हणजे ते बंद पडलेले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता आले तर? एमॅन्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली मांडलेल्या आणि २०२० साली नोबेल मिळालेल्या जनुक कापण्याच्या तंत्राने हे शक्य झाले. रुग्णाच्या मूळ रक्तपेशी काढून घ्यायच्या, गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ त्यांत मोडायची, जुना अस्थिमज्जा कडक औषधाने रिकामा करायचा आणि सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या पैशांत अठरा कोटींच्या घरात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जनुकशास्त्र व समग्र जीवशास्त्र संस्थेने याच तत्त्वावरचा देशी उपचार जाहीर केला आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला ते तंत्र दिले. त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव आहे. उपचार स्वस्तात मिळेल, असे सांगितले जाते. तसे झाले तर आनंदच आहे. पण बिरसा मुंडांचे नाव औषधाला देणे सोपे आहे. बिरसाच्या पणतवंडाला ते धडगावच्या डोंगरात मिळणे ही निराळी गोष्ट आहे. कारण त्याहून कितीतरी साधे औषध आज अस्तित्वात आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाची स्वस्त गोळी गर्भातले हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवते. अमेरिकेत ती या आजारासाठी १९९८ पासून मान्य आहे. ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. म्हणजे गोळी सतत मिळाली पाहिजे आणि तपासणीची सोय जवळ पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला जाहीर झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे लक्ष्य आहे. तपासणीचा आकडा मोठा करणे सरकारला जमते. ज्याला आजार निघाला त्याला पुढची तीस वर्षे महिन्याच्या महिन्याला गोळी देणे, ही खरी कसोटी आहे. ती दिल्लीत लागत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीवर लागते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांत रक्ताच्या आजारांना जागा ठेवलेली नाही, हेही या ओघात नोंदवून ठेवतो.

नमुना देणाऱ्याचा हक्क काय, याचे एक उदाहरण अमेरिकेतील हवासुपाई जमातीने घालून दिले आहे. १९९० नंतर त्यांचे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले गेले आणि त्यावर दुसरेच संशोधन झाले. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये विद्यापीठाला समझोता करावा लागला आणि उरलेले रक्त परत द्यावे लागले. आपल्याकडे ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार माणसांची जनुकीय माहिती ९ जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. त्र्याऐंशी समूह त्यात आहेत. प्रकल्प चांगला आहे, आवश्यकही आहे. त्या समूहांतल्या किती मुलांना ही माहिती वाचण्याचे शिक्षण मिळते, एवढेच मला विचारायचे आहे.

आता गटाराविषयी. मैला असलेल्या बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी बसतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरणाऱ्याला वाटते वास गेला, धोका टळला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. हे रसायनशास्त्र जुने आहे. मशीनने गटार उपसणे हे चंद्रावर उतरण्यापेक्षा कठीण काम नाही. तिरुवनंतपुरमच्या काही तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये बँडिकूट नावाचे यंत्र बनवून ते करून दाखवले. मग इतकी वर्षे कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला हा प्रश्न प्रश्न का वाटला नाही? कारण त्यासाठी स्वस्त यंत्र आधीच उपलब्ध होते: मेहतर, वाल्मीकी, रुखी समाजाचा माणूस. २०१३ मध्ये कायदा झाला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या वारसाला दहा लाख देण्यास सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीस लाख केले. मरणाची भरपाई तिप्पट झाली, तरी माणसे उतरवली जातातच. यंत्र घेण्यासाठी नगरपालिकेत ठराव लागतो, माणूस उतरवण्यासाठी ठेकेदाराचा एक शब्द पुरतो.

शेवटी ऊन. खानदेशात ऊन मुबलक आहे, आणि त्याची वीज करणे आज कोळशाच्या विजेशी स्पर्धा करील इतके स्वस्त झाले आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सव्वाशे मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. आमच्या शिंदखेडा तालुक्यात आधी औष्णिक विजेसाठी जमिनी घेतल्या गेल्या, पुढे तेथे सौर प्रकल्प ठरला. त्याच संपादनात मोबदल्यावरून अन्याय झाला म्हणून विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ तारखेला ते गेले. महाराष्ट्र हादरला, आणि हादरायलाच हवा होता. पण धर्मा पाटलांजवळ निदान सातबारा होता. ज्यांच्याजवळ तोही नाही त्यांचे काय?

१९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो खानदेशात आणि मराठवाड्यात. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. त्या आणि १९६४ च्या लढ्यात माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमात बसवण्याचे ठरले. ती सगळी बसली नाहीत. पुष्कळ कुटुंबे जमीन कसत राहिली आणि कागद मागत राहिली. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा हेतू उत्तम. त्यासाठी खासगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. सरकारी आणि गायरान जमीन मात्र थेट प्रकल्पाला. जो ती जमीन दोन पिढ्या कसतो आहे पण ज्याच्या नावे उतारा नाही, त्याला भाडे कोणी द्यायचे? तांत्रिक भाषेत ती जमीन रिकामी असते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि देशाचे वीजधोरण आखणाऱ्या समितीचे अध्यक्षही होते. वीज स्वस्त आणि सरकारच्या ताब्यात असावी, तीवर उद्योग उभे राहावेत आणि गरिबाला दारिद्र्यातून वाट मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा सौरफलकांना विरोध करणे ही आपली भूमिका असू शकत नाही. ग्रामसभेत गायरानाचा ठराव वाचला जातो तेव्हा तेथे उभे राहून तीन गोष्टी विचाराव्या लागतील: या गटनंबरात सध्या कोण पेरते आहे, त्याने १९९० पूर्वीचा दंडाच्या पावतीचा पुरावा दिलेला आहे का, आणि दिला असेल तर त्याचा अर्ज तहसीलच्या कोणत्या टेबलावर पडून आहे. दंडाच्या त्या जुन्या पावत्या पुष्कळ घरांत पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. त्या काढून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात.